भिंत, दार आणि शेजार

सुमारे बावीस वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका शहरात माझी बदली झाली होती आणि आम्ही तेथील सरकारी वसाहतीत राहत होतो. दुमजली क्वार्टर्स, मागे लहानसे परसू, त्यापलीकडे चार फुटांची कुंपणभिंत आणि भिंतीपलीकडे वाहता रस्ता. एका दिवाळीच्या सुट्टीत निम्मी वसाहत गावी गेलेली असताना तीन घरांची कुलुपे फुटली. वसाहत समितीची तातडीची बैठक झाली. मी समितीचा सचिव होतो. कुंपणभिंत आठ फूट उंच करावी व तिच्यावर काचा बसवाव्यात, असा ठराव एकमताने संमत झाला. निधीच्या मंजुरीसाठीचे टिपण मीच लिहिले. ते उत्तम उतरले आहे, असे तेव्हा मला वाटले होते. मंजुरीही लवकर मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चोरी झाली, आणि तीही मागच्याच बाजूने. भिंतीला लागून असलेल्या विजेच्या पेटीवर पाय देऊन, काचांवर पोते टाकून चोर आत उतरले होते. मागच्या दाराच्या बिजागऱ्या त्यांनी एकेक करून सावकाश काढल्या होत्या. पंचनाम्यासाठी आलेल्या वयस्क हवालदाराने भिंतीकडे एकदा पाहिले आणि तो एवढेच म्हणाला, "साब, पहले बाहर से दिख जाता था।" त्याचे म्हणणे खरे होते. पूर्वी रस्त्यावरचा पंक्चरवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, रात्रपाळीहून परतणारा कामगार या सर्वांना आमची परसे दिसत असत. भिंत उंच करून आम्ही त्यांची नजर अडवली होती. चोराला मात्र एक निवांत कार्यशाळा बांधून दिली होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे. घर किंवा वस्ती अशी बांधता येते काय, की चोराला तेथे शिरावेसेच वाटू नये? आणि येत असेल, तर ते काम भिंत करते की माणसे? आपल्या देशात या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांतील काही शहाणपणाची होती आणि काही क्रूर होती. प्रस्तुत लेखात त्यांचा धावता आढावा घेण्याचा विचार आहे.

घर 'फोडणे'

मराठीत आपण 'घरफोडी' म्हणतो तेव्हा 'फोडणे' या क्रियापदाकडे आपले लक्ष जात नाही. आज फुटते ते कुलूप. जुन्या काळी खरोखरच भिंत फुटत असे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या घरात दार हाच सर्वांत मजबूत भाग असे. जाड फळ्या, आतून आडवा सरकवलेला अडसर, कडी-कोयंडा. अशा दाराशी झुंजण्यापेक्षा शेजारची भिंत ओली करून पोखरणे चोराला सोपे जाई. हिंदीभाषक प्रदेशात याला 'सेंध' म्हणतात. तो शब्द संस्कृत 'संधि' पासून आला आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला असेच भगदाड पाडतो. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांच्या परिचयाचे आहेच. शर्विलक हा विनोदी प्रवेश करतो खरा, पण तो बोलतो ते एखाद्या कुशल कारागिरासारखे. पक्क्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या कापाव्यात, मातीचे पेंड भिजवावेत आणि लाकूड चिरावे, अशी साहित्यानुसार पद्धत तो ठरवतो. भगदाडाचे आकारही त्याला पाठ आहेत. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक असे पर्याय तोलून तो अखेर पूर्णकुंभाचा आकार निवडतो. मोजपट्टी विसरल्यामुळे जानवे काढून त्याने माप घेतो. हे सारे प्रेक्षकांना हसवण्यासाठी असले, तरी हसणाऱ्या प्रेक्षकाला घरे कशी फुटतात हे ठाऊक होते, हे त्यातून उघड होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हाच विषय तपास-अधिकाऱ्याच्या बाजूने येतो. चौथ्या अधिकरणात घरातील चोरीची पाहणी कशी करावी, हे सांगितले आहे. आत येण्याची वाट दाराखेरीज अन्य ठिकाणची आहे काय, वरच्या मजल्याची जाळी किंवा छप्पर फोडले आहे काय, भिंतीला पाडलेल्या भोकाचा राडारोडा आतल्या बाजूला पडला आहे की बाहेर, हे पाहावे. फोडल्याच्या आणि तुडवल्याच्या खुणा आत असतील, तर चोरी घरातल्याच कोणी केली असे समजावे. खुणा बाहेर असतील, तर बाहेरच्याने केली असे मानावे. दोन्हीकडे असतील, तर दोघांनी मिळून केली असा निष्कर्ष काढावा. मुंबई विद्यापीठासाठी रा. प्र. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा भाग प्रथम वाचला, तेव्हा मला पंचनाम्याचा एखादा नमुना वाचत असल्यासारखे वाटले.

ही भिंत पुढे आपल्या कायद्यातही राहिली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली आणि १८६० मध्ये संमत झालेली भारतीय दंडसंहिता घ्या. तिच्या ४४५ व्या कलमात घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते. त्याखालचे पहिलेच उदाहरण घराच्या भिंतीला भोक पाडून त्यातून हात आत घालणाऱ्या माणसाचे होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि घरफोडीची व्याख्या तिच्या ३३० व्या कलमात गेली. तरीही घरात शिरण्याच्या मार्गांवरून गुन्हा ओळखण्याची रीत कायम राहिली. कायद्याची ही व्याख्या वास्तुरचनेच्याच भाषेत लिहिलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नागरक आणि कोतवाल

भिंत फुटू शकते हे एकदा मान्य केले, की दुसरा उपाय येतो तो पाहणाऱ्या डोळ्यांचा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगरप्रमुखाची, म्हणजे नागरकाची, कर्तव्ये दिली आहेत. दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक गोप नेमावा. त्याने घरोघरच्या माणसांची नोंद ठेवावी. शहराच्या प्रत्येक चतुर्थांशावर एक स्थानिक असावा. घरमालकाने आपल्याकडे कोण आले व कोण गेले हे कळवावे. न कळवल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्यावर यावा. रात्र निर्विघ्न गेली, तरीही त्याने ३ पण दंड भरावा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा शेवटचा नियम फार अर्थपूर्ण वाटतो. नुकसान झाले नाही, तरी दंड आहे. कारण दंड नुकसानीबद्दल नसून सर्वांवर लादलेल्या जोखमीबद्दल आहे. आजच्या भाषेत आपण याला बाह्य परिणामांची किंमत म्हणू.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' मध्ये कोतवालाची कर्तव्ये लिहिली, तीही याच वळणाची आहेत. कोतवालाने घरे व रस्ते यांची नोंदवही ठेवावी. रहिवाशांना परस्परांच्या मदतीस बांधून घ्यावे. काही घरे मिळून एक मोहल्ला करावा आणि त्यावर एक माणूस नेमून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रोजचा अहवाल मागवावा. अनोळखी प्रवाशांसाठी वेगळी सराई असावी. चोर आणि चोरीचा माल यांचा शोध कोतवालाने लावावा, अन्यथा नुकसानीस तो जबाबदार राहील. ही अखेरची तरतूद आजच्या एखाद्या पोलीस अधीक्षकाला वाचून दाखवली, तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे. जबाबदारी एका ठरावीक, मोजता येण्याजोग्या घरसमूहावर टाकलेली आहे. सबंध शहर सर्वांचे म्हटले, की ते कोणाचेच राहत नाही. चाळीस घरांची मात्र माणसाला ओळख ठेवता येते. हीच मोजणी दगड-लाकडात उतरलेली पाहायची असेल, तर अहमदाबादला जावे.

अहमदाबादची पोळ

मराठी वाचकाला 'पोळ' म्हटल्यावर मोकळा सोडलेला बैल आठवेल. गुजरातीतील पोळ निराळी. हा शब्द संस्कृत 'प्रतोली' पासून, म्हणजे वेशीच्या दरवाजावाचक शब्दापासून, आला असे मानतात. आज त्याचा अर्थ दरवाजाच्या आतली वस्ती असा होतो. सुलतान अहमदशाहाने १४११ मध्ये वसवलेल्या या शहराच्या तटाआत अशा शेकडो पोळी आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने या तटाआतल्या शहराला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले शहर. त्या मान्यतेत पोळींचा वाटा मोठा होता.

पोळीची रचना थोडक्यात अशी. मुख्य रस्त्यावर एक भक्कम लाकडी दरवाजा असतो आणि त्यावर पहारेकऱ्याची खोली. दरवाजातून आत शिरले की अरुंद गल्ली लागते आणि तिला आणखी अरुंद फाटे फुटतात. बहुतेक फाटे पुढे बंद असतात. घरे एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे भिंत फोडून शिरायचे, तर शेजाऱ्याच्या घरातूनच शिरावे लागेल. प्रत्येक घराला रस्त्यालगत ओटला असतो. त्यावर दिवसभर कोणीतरी बसलेले, धान्य निवडत किंवा गप्पा मारत. मध्ये पक्ष्यांसाठी चबुतरो, देऊळ, विहीर आणि दरवाजाजवळ पोळीच्या सूचनांचा फळा. घरांच्या आत चौक असतो आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके. वेढा पडला किंवा दंगल उसळली, तरी काही दिवस पोळ आपल्या पाण्यावर राहू शके. काही पोळींतून शेजारच्या पोळीत जाण्याच्या गुप्त वाटा होत्या. त्या केवळ रहिवाशांनाच ठाऊक असत.

चोराच्या नजरेने या रचनेकडे पाहावे. आत शिरायला एकच वाट, आणि तीच बाहेर पडायची. अनोळखी गल्लीत वळावे, तर पुढे भिंत. दर पाच पावलांवर एक ओटला आणि ओटल्यावर बसलेल्या आजीबाईचा प्रश्न, कोणाकडे आलात? रात्री दरवाजा बंद. येथे कुलपाला फारसे काम उरत नाही. परक्या माणसाला आपण परके आहोत, हे पावलोपावली जाणवावे, अशीच ही मांडणी आहे.

मात्र एवढ्यावर पोळीचे कौतुक थांबवले, तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. दरवाजा स्वतः बंद होत नाही. त्यासाठी पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो. पगारासाठी निधी लागतो आणि निधीसाठी पंच लागतात. पोळीच्या पंचाकडे हे सारे अधिकार असत. घराच्या विक्रीवर व लग्नकार्याच्या प्रसंगी पोळीच्या निधीत काही रक्कम देण्याचा प्रघात होता. परक्याला घर विकायचे झाल्यास पोळीची संमती लागे. याचा अर्थ असा, की पोळीची सुरक्षितता ही पोळीने आकारलेल्या करातून आणि मालमत्तेच्या हक्कावर घातलेल्या मर्यादेतून निर्माण होत होती. भिंती आणि दरवाजे हे त्या कराराचे केवळ दृश्य रूप.

सबंध शहराच्या बाबतीतही तेच घडले. मराठ्यांनी १७५८ मध्ये अहमदाबाद अखेरचे जिंकले. तेव्हापासून १८१७ मध्ये इंग्रजांचा अंमल येईपर्यंत तेथे पेशवे आणि गायकवाड यांची दुहेरी सत्ता होती. या काळात शहराला अवकळा आली आणि पंधराव्या शतकातला तट जागोजागी ढासळला. १८३० च्या दशकात शहरातील प्रमुख नागरिक व सरकारी अधिकारी यांनी मिळून तटाच्या डागडुजीसाठी एक समिती स्थापन केली. तूप व इतर मालावर लहानसा उपकर बसवून तिने निधी उभा केला. तटाचे काम संपल्यावरही समिती संपली नाही. रस्ते आणि दिवाबत्तीकडे ती वळली आणि तिच्यातूनच पुढे अहमदाबादची नगरपालिका आकारास आली. चोर-दरोडेखोरांपासून बचाव करण्यासाठी गोळा केलेल्या तुपावरील उपकरातून स्थानिक स्वराज्य संस्था जन्माला यावी, ही आपल्या प्रशासकीय इतिहासातील एक रम्य घटना आहे. त्याच नगरपालिकेने पुढे १९२० च्या दशकात हा तट पाडण्याचे काम हाती घेतले.

पोळीची दुसरी बाजूही आहे. जी रचना परक्याला ओळखते, ती परका कोण हेही ठरवते. पोळी बहुतांशी जात, व्यवसाय किंवा धर्म यांनुसार वसलेल्या होत्या. १९६९, १९८५ आणि २००२ या वर्षांच्या दंगलींत शहराने जे पाहिले, त्यानंतर पोळींचे दरवाजे चोरापेक्षा शेजारच्या वस्तीसाठी बंद होऊ लागले. परक्याला घर विकण्यास पंचाची संमती लागे, हे वर सांगितले. गुजरातच्या अशांत क्षेत्रविषयक १९९१ च्या कायद्यानुसार ठरावीक भागांत स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. उद्देश व संदर्भ वेगळे असले, तरी दरवाजातून कोणी आत यावे हा प्रश्न पोळीच्या पंचाकडून शासनाच्या मेजावर येऊन बसला आहे, एवढी नोंद करणे प्राप्त आहे.

बंगला, राखणदार आणि 'जन्मजात' चोर

इंग्रजांनी आणलेला बंगला पोळीच्या अगदी उलट होता. चहूबाजूंनी मोकळे आवार, वाऱ्यासाठी खूप दारे-खिडक्या आणि शेजारी हाकेच्याही पलीकडे. अशा घराची राखण रचनेने होणे शक्यच नव्हते. ती माणसालाच करावी लागे, आणि म्हणून बंगल्याबरोबर चौकीदार आला.

भाडोत्री राखणदार ही कल्पना नवी नव्हती. महाराष्ट्रात रामोशी व गावचा जागल्या हे काम करीत. चोराच्या पावलांचा माग काढत जागल्याने तो शेजारच्या गावाच्या हद्दीपर्यंत न्यावा आणि तेथून पुढची जबाबदारी त्या गावाची, अशी रीत होती. १८२१ च्या सुमारास पेशवाईच्या मुलखाविषयी लिहिणाऱ्या एल्फिन्स्टनने तिची दखल घेतली. तमिळ प्रदेशात मदुरा, तिरुनेलवेली भागात कळ्ळर व मरवर समाजांकडे 'कावल' म्हणजे राखणीचा हक्क होता. गावाने ठरावीक मोबदला द्यावा आणि चोरी झाल्यास कावलकाराने माल परत आणावा किंवा भरपाई द्यावी. म्हणजे ही एक प्रकारची विमा योजनाच होती. त्यात धाकदपटशाही मिसळलेली असे, हे नाकारता येणार नाही. हप्ता न दिल्यास चोरी होईल, ही भीती अनाठायी नव्हती.

वसाहतकालीन प्रशासनाने यातली धाकदपटशा तेवढी पाहिली. राखणीच्या या करारांना सुधारावे, लेखी करावे, त्यांची जागा घेणारी पोलीस व्यवस्था गावापर्यंत न्यावी, हे खर्चाचे काम होते. त्याऐवजी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या कायद्याने तो मद्रास इलाख्यालाही लागू झाला. सबंध समाजच्या समाज नोंदवहीत चढवायचे, त्यांच्या पुरुषांनी ठाण्यात हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. १९२० च्या ३ एप्रिलला पेरुंगामनल्लूर येथे या नोंदणीला विरोध करणाऱ्या कळ्ळर ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक जण मृत्युमुखी पडले.

घर सुरक्षित करण्याचे तीन मार्ग असतात, असे मला वाटते. भिंत मजबूत करणे, शेजार जागता ठेवणे आणि काही माणसांना आधीच चोर ठरवून टाकणे. तिसरा मार्ग प्रशासनाला सर्वांत स्वस्त पडतो, कारण त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. परंतु वसाहतीत चोरी झाली की पहिला संशय कोणावर घ्यायचा, याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. आमच्या वसाहतीतल्या पहिल्या चोरीनंतर दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले होते, ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे काम करणाऱ्या मुलाला. त्याचा चोरीशी काही संबंध नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. त्या वेळी समितीच्या वतीने ठाण्यात जाऊन एक शब्द बोलणे मला शक्य होते. मी गेलो नाही.

सेंट लुईस ते डेटन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय शास्त्र म्हणून पुढे आला तो अमेरिकेत. जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात एक साधे निरीक्षण मांडले. रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्याने दुकानदार, पादचारी व खिडकीतून डोकावणारे रहिवासी यांच्या नजरेमुळे, पोलिसांमुळे नव्हे. १९७१ मध्ये सी. रे जेफ्री यांनी परिसररचनेतून गुन्हेप्रतिबंध ही संज्ञा रूढ केली. १९७२ मध्ये ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाचे राखता येण्याजोग्या जागेविषयीचे पुस्तक आले.

न्यूमन यांच्यासमोर सेंट लुईसमधील प्रुइट-आयगो ही सार्वजनिक गृहवसाहत होती. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, सुमारे २,९०० सदनिका. १९५० च्या दशकाच्या मध्यास ती पूर्ण झाली आणि १९७२ मध्ये तिचे पाडकाम सुरू झाले. न्यूमन यांनी पाहिले, की दोनच कुटुंबांची सामाईक असलेली जागा स्वच्छ व नीटनेटकी होती. वीस कुटुंबांचा सामाईक बोळ मात्र घाण व धोकादायक होता. शेकडो कुटुंबांच्या जिन्यांवर व लिफ्टमध्ये तर कोणाचाच ताबा राहिला नव्हता. पलीकडेच, तशाच गरीब कुटुंबांच्या बैठ्या वसाहतीत गुन्हे पुष्कळ कमी होते. न्यूमन यांच्यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. शहरातून रोजगार निघून गेला होता. देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातून भागवायचा होता आणि घरे रिकामी होत गेली तसे भाडेही आटले. दोष एकट्या आराखड्याचा नव्हता. तरीही किती घरांनी मिळून एक जागा राखावी, हा त्यांचा प्रश्न खोडून निघाला नाही. गोपाच्या दहा, वीस, चाळीस कुटुंबांची येथे आठवण होते.

पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी ओहायो राज्यातील डेटन शहराच्या फाइव्ह ओक्स या भागात न्यूमन यांनी काही रस्ते फाटके लावून बंद केले आणि त्या भागाची छोट्या छोट्या दहा वस्त्यांत विभागणी केली. प्रत्येक वस्तीला वाहनाने शिरायला एकच वाट, आत बंद गल्ल्या. वर्षभरात तेथील एकूण गुन्हे २६ टक्क्यांनी व हिंसक गुन्हे निम्म्याने घटल्याचे त्यांनी नोंदवले. रायपूर किंवा खाडियातील एखाद्या वृद्ध अहमदाबादकराला हा नकाशा दाखवला असता, तर त्याला त्यात काहीच नवल वाटले नसते.

चोरी पुढच्या घरी जाते काय?

अर्थशास्त्रज्ञांचा येथे एक ठरलेला आक्षेप असतो. मी दाराला भक्कम कुलूप लावले, तर चोर शेजाऱ्याकडे जाईल. समाजाचे नुकसान तेवढेच राहील, फक्त त्याचा धनी बदलेल. मग शासनाने अशा गोष्टी सक्तीच्या का कराव्यात?

नेदरलँड्सने १९९९ मध्ये नव्याने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला घरफोडीस दाद न देणारी दारे-खिडक्या बसवणे बंधनकारक केले. बेन फोलार्ड व यान फान अवर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा परिणाम मोजला आहे. नव्या घरांत वर्षाला घरफोडी होण्याचे प्रमाण १.१ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, म्हणजे सुमारे २६ टक्के घट झाली. ती चोरी शेजारच्या जुन्या घरांकडे वळल्याचे त्यांना आढळले नाही. खर्चापेक्षा लाभ अधिक ठरला. सक्तीचे समर्थन येथे सापडते. घर बांधणारा बिल्डर स्वतः त्या घरात राहत नाही. घर घेणाऱ्याला कडी-कोयंड्याची प्रत पारखता येत नाही. अशा ठिकाणी बाजारावर भिस्त ठेवण्यापेक्षा बांधकाम नियमावलीतील एक ओळ अधिक काम करते. हे काम बांधकामाच्या वेळीच केले, तर खर्चही कमी येतो. नंतर प्रत्येकाने आपापले गज बसवण्यात तो कितीतरी पट वाढतो.

गजांची दुसरी बाजू

या गजांविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. आपल्या शहरांतील सदनिकांना पिंजऱ्यासारख्या जाळ्या लावलेल्या असतात. तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत त्या एकसारख्या दिसतात. चोर आत येऊ नये म्हणून लावलेली जाळी, आग लागली की आतल्या माणसाला बाहेर पडू देत नाही. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीला आग लागली. आत कारखाने होते आणि मजूर तेथेच झोपत असत. ४३ जण दगावले. खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. माल आणि इमारत राखण्याची व्यवस्था होती. झोपलेल्या माणसांची नव्हती.

अर्थशास्त्राच्या ज्या अध्यायात रात्रीच्या संचारबंदीचे आणि परक्यांच्या नोंदीचे नियम आहेत, त्याच अध्यायात आगीविषयीचे नियम आहेत. पाण्याचे घडे तयार ठेवावेत आणि घरमालकांनी रात्री आपापल्या घराच्या दाराशी असावे, असे तो सांगतो. चोर आणि आग या दोन्हींची जबाबदारी एकाच नागरकाकडे होती. आज चोरी हा पोलिसांचा विषय, आग हा अग्निशमन दलाचा, आराखडा नगररचना विभागाचा आणि जाळी ही घरमालकाची मर्जी. चारही कार्यालये आपापल्या परीने योग्य शेरे लिहितात. परंतु एकच खिडकी दोन्ही प्रश्नांना उत्तर देते की नाही, हे पाहणारा अधिकारी नाही. आतून सहज उघडणारे गज बसवता येतात आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही. ते सर्वत्र दिसत नाहीत, कारण तसा आग्रह धरणे हे कोणाचेच काम नाही.

शहरांच्या कडेने उठणाऱ्या फाटकबंद संकुलांविषयीही हेच म्हणावेसे वाटते. त्यांनी पोळीचा दरवाजा घेतला, पण ओटला घेतला नाही. आत शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत. बाहेरच्या रस्त्याकडे आठ फुटांची कोरी भिंत उभी असते आणि त्या रस्त्यावरून रात्री एकटीने चालत जाणाऱ्या स्त्रीला तिचा उपयोग शून्य. संकुलाने आपली जोखीम कमी केली, ती काही अंशी रस्त्यावर ढकलून. अशा भिंतीवर कर बसवावा, असे मी म्हणणार नाही, परंतु रस्त्याकडील कुंपणाचा काही भाग आरपार दिसणारा असावा, एवढी अट नियमावलीत घालणे कठीण नाही. फेरीवाल्यांना हटवण्याचे प्रस्ताव तपासतानाही, तो माणूस त्या कोपऱ्यावर विनावेतन पहारा देत असतो, हे हिशेबात धरले पाहिजे.

शेवटी पुन्हा आमच्या वसाहतीकडे. दुसऱ्या चोरीनंतर मी नवे टिपण लिहिले. भिंत पुन्हा चार फुटांवर आणावी, वर जाळीदार लोखंडी कठडा बसवावा, रस्त्याच्या बाजूला दोन दिवे लावावेत, मागच्या दारांच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्याव्यात. एक वर्षापूर्वी बांधलेली भिंत पाडण्याचा प्रस्ताव त्याच अधिकाऱ्याच्या सहीने कसा येतो, असा लेखा शाखेने रास्त आक्षेप घेतला. आधीच्या टिपणातील माझी चूक मला लेखी मान्य करावी लागली. मंजुरीला चौदा महिने लागले आणि तोपर्यंत माझी बदली झाली होती.

काही वर्षांनी कामानिमित्त त्या शहरात जाणे झाले, तेव्हा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. कठडा बसला होता. त्यातून परसांतले दोरीवरचे कपडे दिसत होते. कोपऱ्यावर चहाचे दुकान होते. चहावाला तोच होता, मुलगा दिसला नाही. मी चौकशी केली. तो केव्हाच गावी परत गेला होता.